गंगेकाठचा निरोप

आमची बोली म्हणायची अन् ती मला येत नाही, असा सगळा प्रकार.

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. तिच्या काठी होडी अन् जाळ्यावर पोट भरणाऱ्या आमच्या लोकांच्या तीन-चार वस्त्या होत्या. ती बोली तेवढ्यापुरतीच. बाजारात मराठी, कचेरीत उर्दू, घरात अन् पाण्यावर आमची.

निजामाच्या राज्यात वडिलांना पिंगळीला रुळाच्या कामावर नोकरी लागली अन् आम्ही काठ सोडला. मी तेव्हा मांडीवरची होते. आडावर आई सवयीनं आपल्या बोलीत काहीतरी बोलून गेली, तर तिथल्या बायांनी तोंडाला पदर लावले. वडिलांच्या कानावर ते गेलं. म्हणाले, "हितं हे बोलणं नगं. लोकं हासायलेत. लेकरायला मराठीच येऊ दे."

आईनं मुकाट्यानं ऐकलं. त्या ऐकण्याचा मला अजून राग येतो. वडिलांचाही येतो. माणूस वाईट नव्हता. आमचं भलं करायला निघाला अन् घर मुकं करून बसला.

आईला एकच घोर होता. आमच्यात माणूस गेलं की तिरडी उचलायच्या आधी घरातली एखादी बाई उशाशी बसते अन् आमच्या बोलीत त्याला निरोप सांगते. तू अमक्याची लेक, अमक्या घाटावरची, तुझी होडी सोडली, आता मागं बघू नको. जमलेली माणसं मधून मधून हुंकारासारखा एकच शब्द देतात, 'ऐकलं' अशा अर्थाचा. निरोप मिळाला नाही तर जीव काठावरच घोटाळतो, असं आमची माणसं मानत. आई अन् मावशीनं आपसात ठरवून टाकलं होतं, जी मागं राहील तिनं दुसरीचा सांगायचा. मावशी काठावरच नांदत होती. "माझा निरोप कोण सांगंल?" असं आई मधेच म्हणायची, अन् लगेच स्वतःची समजूत काढायची, "आक्का हाय की."

निजामाच्या शेवटच्या वर्षी गावोगाव लुटालूट, जाळपोळ माजली, काठावरच्या वस्त्या पांगल्या. त्यातच मावशी गेली. आम्हाला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. तिला निरोप सांगायला तिथं कोणी बाई उरलीच नव्हती. आई तशीच निघाली, तर वडिलांनी दार अडवलं. "वाटंत जीव जाईल. जाऊ नगंस."

आई भांडली नाही. भर दुपारी अंगणात गंगेच्या बाजूला तोंड करून बसली अन् मोठ्यानं मावशीचा निरोप सांगू लागली. आडावरच्या बाया घागरी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. थोडं सांगून आई थांबली. हुंकार द्यायला कोणी नव्हतं. मग वडील उंबऱ्यावरून उठले, तिच्याशेजारी येऊन बसले अन् त्यांनी तो शब्द दिला. किती वर्षांनी त्यांच्या तोंडून आमची बोली निघाली. आम्हा भावंडांनाही त्यांनी खूण केली, तेव्हा आम्हीही दिला.

मावशीचा निरोप संपला तरी आई उठली नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वडील एकदम रडायला लागले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "आता सोताचा सांगायलीय."

पुढं वडील गेले. त्यांचा निरोप आईनं सांगितला, हुंकार आम्ही दिला. मग बऱ्याच वर्षांनी ती गेली. तिरडी बांधून झाली. कोणीतरी म्हणालं, "उचला, उशीर व्हायलाय." मी म्हणाले, थांबा जरा. तिच्या उशाशी बसले. निरोप काही मला सांगता येत नव्हता, तो तिनं अंगणात सांगूनच ठेवला होता. आख्ख्या बोलीतला एकच शब्द मला येत होता. तो दिला, अन् मग तिला उचलू दिलं.