दोन डोळ्यांचे दोन पांढरे

थेंबेमामांची रंगाच्या दुकानात चाळीस वर्षं गेली. गिऱ्हाइकानं नमुना पुढं केला की मामा डावा डोळा मिटायचे, उजव्यानं न्याहाळायचे आणि काळ्याचा एक थेंब, तांबड्याचा अर्धा असं करत हुबेहूब रंग उतरवायचे. त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव कुठल्याशा कागदावर असेल तेवढंच. एकदा बघितलेली भिंत महिन्याभरानंही आठवणीतून घोटून देतो, ही त्यांची ऐट.

अशा माणसाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू ऑपरेशन करून काढला; डाव्यातला तसाच राहिला. पट्टी सुटल्यावर मामांनी बायकोकडं बघितलं आणि केस एवढे पांढरे कधी झाले म्हणून विचारलं. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासूनच लागलेत पिकायला. तुम्ही आज बघताय."

मामा कामावर आले आणि पहिल्याच घासाला खडा लागला. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंची भिंत गळतीसाठी एका जागी फोडून पुन्हा लिंपली होती. मामांनी ती भिंत ऑपरेशनच्या आधी बघून ठेवली होती. आता आठवणीतून रंग घोटला, दुकानाचा माणूस लावून आला, आणि बाईंचा फोन: पांढऱ्या भिंतीवर पिवळट ठिगळ बसलंय.

मालक ओरडला नाही. म्हणाला, "मामा, आज निस्तरून या. नाही जमलं तर उद्यापासून मशीन रंग काढेल, तुम्ही काउंटरवर बसा."

मामांच्या लेखी काउंटरवर बसणं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसणं.

डबे घेऊन ते बाईंच्या भिंतीसमोर उभे राहिले. सवयीनं डावा मिटला. ठिगळ पिवळं, यात शंका नाही. आपल्या हातानं हे झालं? मग कधी नाही ते त्यांनी उजवा मिटून डाव्यानं भिंतीकडं बघितलं. भिंत पिवळट! पुन्हा उजव्यानं ठिगळ बघितलं. पुन्हा डाव्यानं भिंत. तोच रंग, थेंबाचा फरक नाही.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा मामा भिंतीला आळीपाळीनं डोळे मारत होते. त्या दारातच थबकल्या.

"बाई, माझा हात चुकला नाही," मामा म्हणाले. "मी जुन्या डोळ्याची भिंत नव्या डोळ्यानं घोटली."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं: मोतीबिंदूतून पांढरं पिवळट दिसायचं, तेच लक्षात राहिलं आणि तेच घोटलं; तोवर बाईंचा चहा हातातच निवला. मामांनी नवा रंग भिंतीशेजारीच घोटला, या वेळी फक्त उजव्या डोळ्यानं, आणि ठिगळावर फिरवला. ओला रंग फसवतो, वाळल्याशिवाय निवाडा नाही. तेव्हा बसून राहणं आलं.

बाई म्हणाल्या, रंग दिसतो म्हणजे नेमकं काय होतं, यावर जाडजूड पुस्तकं आहेत. काही मंडळी म्हणतात, मेंदूचा सगळा कारभार कळला की मागं काही उरत नाही. दुसरी म्हणतात, सगळा कारभार कळला तरी तो पांढरा तुम्हाला कसा वाटतो, हे त्या हिशेबाबाहेरच राहतं.

"भांडण किती वर्षांचं?"

"शेकडो."

"म्हणजे भाऊबंदकीच."

मामा म्हणाले, दुकानातलं मशीन पांढऱ्याचा नंबर बरोबर सांगतं, पण त्याला पांढरं बघून गार वाटत नाही. बाई हसून म्हणाल्या, तुम्ही दुसऱ्या गटातले. मामांनी नाही अशी मान हलवली. "डॉक्टरांनी एवढीशी काच बदलली आणि माझा अख्खा पांढरा बदलला. मग पहिल्यांना तरी खोटं कसं म्हणू? मी आपला दोन्हींकडं जेवायला जाईन."

पंख्याखाली तासाभरात भिंत वाळली. बाई चष्मा लावून जवळ गेल्या, लांब गेल्या, खिडकीकडून बघून आल्या. ठिगळ नेमकं कुठं होतं हेच त्यांना सापडेना. मामांनी हात फिरवून दाखवलं, तेही दोन बोटं चुकूनच.

तिथूनच त्यांनी मालकाला फोन लावला. भिंत एकजीव झालीय, उद्या नऊला येतो, आणि माझी ढवळायची काठी कुणी उचलून ठेवली असेल तर जागेवर ठेवा, असं एका दमात सांगून टाकलं. मग बाईंकडं वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला हा कसा दिसतो?"

"पांढरा."

"ते झालंच. पण कसा?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि खुर्चीत बसून हसत सुटल्या.

"बघा," मामा डब्याचं झाकण ठोकत म्हणाले, "शिकवलंत एवढी वर्षं, आणि अडलात माझ्यासारख्याच."