काही न निघाल्याचे पेढे

मार्गासनीच्या सोमेश्वरच्या तपासणीत काही निघालं नाही, म्हणून गावभर पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांचं दुःख एकट्या सोमेश्वरलाच झालं.

सोमेश्वर भोरात शिंपीकाम करतो. चाळिशी ओलांडलेला, हाताचा सरळ. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, टेपकडे बघतो. "कसं दिसतंय?" असं कुणी हौसेनं विचारलं, तर "पोट सुटलंय तुमचं," असं खरं ते सांगून मोकळा होतो. खरखरीत कापडानं त्याच्या अंगावर काटा येतो आणि बँड सुरू झाला की त्याला पळ काढावासा वाटतो. थोरल्या भाचीच्या लग्नात "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे" असा पुकारा झाला, तेव्हा मामा टेम्पोत गाद्यांच्या मागं, कानात बोटं घालून बसलेले सापडले. तेव्हापासून पाहुण्यांत त्याचं नाव पडलं, शिष्ट मामा.

धाकटी भाची राजनंदिनी पुण्यात नर्सिंग शिकलेली. ती म्हणाली, "मामा, हा ऑटिझम असू शकतो. मोठ्या माणसांचीबी तपासणी होते."

सोमेश्वरनं मोबाईलवर वाचलं आणि चालू मशीन थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या मापाचं शिवलं होतं. आता डॉक्टरनं एकदा ते नाव दिलं, की पाहुण्यांना सांगता येईल, मी शिष्ट नाही, माझं हे असं आहे. राजनंदिनीचं लग्नही ठरलं होतं आणि मामाचा मान पुन्हा त्याच्याकडेच येणार होता.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारलं, तपासलं आणि शेवटी म्हणाल्या, "काही खुणा आहेत, पण ऑटिझम म्हणावं इतक्या नाहीत. तुमचा त्रास मात्र खरा आहे. त्यावर आपण बोलूया."

सोमेश्वरच्या कानात पहिलंच वाक्य शिरलं. पुढचं बाहेरच राहिलं. येताना एसटीत तो नसरापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

इकडे त्याच्या आईनं, आक्काबाईनं, मेंगाईला नवस बोललेला. "पोरगं धड निघालं!" म्हणत तिनं घरोघर पेढे दिले.

"आजी, तो काय आजार नव्हता," राजनंदिनी म्हणाली.

"नव्हता ना? मग घे पेढा."

शेजारच्या धोंडाबाईनं तर पेढा तोंडात धरूनच दम भरला. "सोमा, आता डाक्टरनीच सांगितलंय तुला काय न्हाई म्हून. आता पळालास तर टेम्पोचं चाक काढून ठेवीन!"

सोमेश्वर भाचीला म्हणाला, "तू दुसरा कुणी मामा बघ."

"मामा काय भाड्यानं मिळतोय? नाव न्हाई मिळालं तर ऱ्हाऊ द्या. पण तुम्हाला नेमकं काय होतं, ते कधी कुणाला सांगितलंय का?"

सोमेश्वरनं खरंच सांगितलं नव्हतं. मशीनच्या चाकाकडं बघत त्यानं एकेक सांगितलं. बँड डोक्याच्या आत वाजतो. भाड्याचा फेटा कपाळ खातो. अक्षता कॉलरमधून पाठीत उतरतात आणि दिवसभर टोचतात.

"एवढंच?" राजनंदिनी म्हणाली. "बँडवाल्यांचं मी बघते. बाकीचं तुम्ही शिवा की!"

त्यानं शिवलं. आईच्या जुन्या मऊ लुगड्याचा, टोपीसारखा घालता येईल असा फेटा. तांदळाचा दाणाही आत जाऊ नये असा बंद गळ्याचा कोट.

लग्नाच्या दिवशी पुकारा झाला आणि मुलीचे मामा कानात कापूस घालून, आचाऱ्यांच्या बाजूनं, मसालेभाताच्या वाफेतून प्रकट झाले. त्यांनी मुलीला बोहल्यावर नेलं आणि तिच्या मागं उभे राहिले. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. शेवटच्या अक्षता पडल्या. बँडवाले काड्या उगारून तसेच थांबले.

"वाजवा की रं! झोपलाय व्हय?" धोंडाबाई ओरडली.

"मामा भाईर जाऊ द्यात," ढोलवाला म्हणाला. "नवरीची आर्डर हाय."

सगळा मांडव वळून बघायला लागला. "जावा मामा," राजनंदिनी हळूच म्हणाली. सोमेश्वर भर मांडवातून, सगळ्यांच्या देखत, चालत बाहेर पडला. मागं आक्काबाई कुणाला तरी सांगत होती, "त्याला आवाज सोसत न्हाई, म्हून. मान पुरा करून चाललाय."

तो गोठ्यामागच्या फणसाखाली टेकला आणि बँड दणाणला. तेवढ्यात पाठोपाठ नवऱ्याचा मामा गेनबा कानावर हात दाबून धावत आला.

"पाव्हणं, जरा सरका."

"तुमचीबी तपासणी झालीय का?" सोमेश्वरनं विचारलं.

"कसली? आवो, मला म्हशीची शिंकबी सोसत न्हाई." गेनबानं कपाळावर वळ उठवलेला फेटा काढून मांडीवर ठेवला आणि सोमेश्वरच्या डोक्याकडं बघत राहिला. "ह्यो कुठं मिळतो वो?"

सोमेश्वरनं खिशातून टेप काढली, गेनबाच्या डोक्याभोवती धरली आणि खरं ते सांगितलं.

"डोकं लई मोठं हाय तुमचं."

"व्हय," गेनबा म्हणाला. "पर कापड ह्येच घ्या."