दुखलं तर हात वर करा

माझ्या मेव्हणीइतका हलका हात साऱ्या मुंबईत कुणाचा नसेल. पण तो कुणावर फिरून हलका झाला हे कळलं, तर तिच्याकडे दाढ दाखवायला निघालेला माणूस वाटेतूनच परत फिरेल.

ती परळला दातांच्या शस्त्रक्रिया शिकत होती तेव्हा माझी सासुरवाडी नायगावच्या चाळीत, एका खोलीत होती. तिचा घरचा सराव तिथेच चाले. टाके घालायला ती केळ्याची साल घेई, त्यामुळे जावयापुढे येणारी केळी आधी चिरून मग काळ्या दोऱ्याने नीट शिवलेली असत. पुढे खाटकाकडून बकऱ्याचं मुंडकं येऊ लागलं. भर दुपारी ते पाटावर ठेवून ती हिरडी कापे, दाढ काढे, पुन्हा शिवे. सासूबाई भिंतीकडे तोंड करून भाजी निवडत. हे नंतर शिजवणार का, असं मी एकदा विचारलं. "दाजी, त्याची जखम अजून भरायचीय," ती गंभीरपणे म्हणाली. त्या दिवशी मी वरणभातावर भागवलं.

कॉलेजात सरावासाठी रबरी गालांचं एक डोकं होतं. त्यालाही ती अहोजाहो करी. दुखलं तर डावा हात वर करा, असं दर वेळी बजावून मगच हत्यार उचले. अगं, त्याला हात कुठेत, असं मैत्रिणी म्हणत. तोंडाला सवय असू दे, असं तिचं उत्तर.

मग एकदा तिच्या वर्गाला देहदान केलेल्या एका वृद्ध गृहस्थांवर शिकायला मिळालं. डोळ्यांवर कापड, अंगावर चादर, उघडं फक्त तोंड. तिने सवयीने तेच वाक्य म्हटलं, थंडगार हिरडीला पातं लावलं, आणि डावीकडची चादर हलली. हात बोटभर वर आला, परत खाली गेला. टेबलाला कुणाचा तरी धक्का लागला असेल, असं सर म्हणाले. बाकीचे जरा उशिराच हसले. तिने पातं खाली ठेवलं, भुलीचं इंजेक्शन भरलं, जिवंत माणसाला देतात तसं सावकाश दिलं आणि हिरडी बधिर होईपर्यंत शांत उभी राहिली. तिला कुणी अडवलं नाही. मग तिने दाढ काढली.

"हात परत हलला नाही, दाजी," तिने मला सांगितलं.

गंमत अशी, की जिवंत पेशंट समोर आला की तिचे हात थरथरत. दोनदा तिने हत्यार दुसऱ्याच्या हाती दिलं. असं चाललं तर हा नाद सोड, असं सरांनी ऐकवलं. त्याच सुमारास माझी अक्कलदाढ सुजली. बायकोने परस्पर बहिणीचा पेशंट म्हणून माझं नाव देऊन टाकलं.

मी खुर्चीत आडवा झालो. इंजेक्शन देऊन ती इतका वेळ थांबली की सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग कुठेतरी दूर, दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडात, काहीतरी करकरलं. दाढ निघाली, टाके पडले. तिचे हात एकदाही थरथरले नाहीत.

काम संपल्यावर तिने हातमोजा काढला आणि तळवा माझ्या गालावर ठेवला. बराच वेळ तसाच.

"गरम आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मास्कच्या वरती तिचे डोळे भरले होते.

माझा गाल बधिर होता. तिचा हात मला नुसता दिसला, कळला नाही.