पाटलापुढं बसलेली चांगुणा

परंड्यात अजून एक आवई फिरते: चांगुणामावशीनं मुंबईच्या साहेबासमोर पाटलाच्या थोबाडीत अशी ठेवून दिली, की त्याचा फेटा पार दारात जाऊन पडला. फेटा पडला हे खरं. हात मात्र मावशीनं उचललाच नव्हता.

झालं असं. शहाऐंशी साली टीव्हीच्या मालिकेची माणसं आली. गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली, नायिका खडी फोडणारी, आणि तिच्यासाठी त्यांना इथलीच बाई हवी होती. बुद्धवाड्यातली चांगुणा स्टँडाजवळ भाजी विकायची. तिनं ‘घ्या शेपूऽऽ’ म्हणून हाळी दिली की कुर्डुवाडीला निघालेला ड्रायव्हर ब्रेक मारायचा. बहात्तरला तिनं खडी फोडलीच होती, पण खरी भूक निराळी. वाड्यातल्या जलशात बायकांची कामं तिचा दीर मच्छिंद्र मिशी उतरवून करायचा, आणि सगळी गाणी पाठ असलेली चांगुणा पडद्यामागं त्याच्या निऱ्या नीट करायची. हा पार्ट तिला सोडायचा नव्हता.

शाळेत निवड सुरू झाली. पाटील म्हणून उत्तरेश्वर शिंप्याला उसना फेटा बांधून उभं केलेलं. मालिका बसवणाऱ्या मुंबईच्या साहेबांनी प्रसंग सांगितला: कामावर घ्या म्हणत बाई पाटलाचे पाय धरते. चांगुणा ताठ उभी. साहेबांनी गोडीत समजावलं, शेवटच्या भागात हीच पाटलाला जाब विचारते, आता तेवढं वाका.

“शेवटच्या भागापातुर तुमची पब्लिक थांबंल, साहेब. म्या न्हाय थांबायची. छप्पन साली दीक्षा घेतली तवा माझा बा म्हणला, कामापुढं वाक, माणसापुढं न्हाय.”

साहेब चिडले. पुण्याची नटी तयारच आहे म्हणाले. तरी मावशीची पाठ वाकली नाही. उलट ती खाली बसली, बाजारात बसते तशी, एक गुडघा उभा करून, आणि नजर वर रोखली.

“बोला पाटील, काम देता का न्हाय?”

आता उत्तरेश्वर दर बाजारी ह्याच बैठकीपुढं भाजी घ्यायचा. सवयीनं तोही झटकन तिच्यापुढं उकिडवा बसला, जुडी चाचपायला हात पुढं केला, आणि तोंडातून गेलं, “मावशी, जरा कमी करा की.” फेटा घरंगळत दारात.

सगळी शाळा हसली. साहेब तेवढे हसले नाहीत. वाकलेल्या पाटलाकडं नि ताठ बाईकडं बघत राहिले. मग म्हणाले, फेटा घट्ट बांधा आणि पुन्हा असंच करा. पार्ट चांगुणेला मिळाला. पाय धरायचं त्या दिवसापासून गोष्टीतून गेलं.

निवडीला शाळेकडं जाताना वाटेत मी, चौकात तिच्या हाळीची नक्कल करून टाळ्या घेणारा, तिच्याशीच पैज मारली होती: हिरॉइनीचा पार्ट म्हटल्यावर मावशी वाकणार. मावशीनं अट घातली, हरलास तर एक बाजार माझ्या जागी बसायचं, अन् हाळी माझी न्हाय, तुझ्याच आवाजात द्यायची.

बसलो. दिवस मावळेपर्यंत शेपूची एक जुडी खपली नाही.