भरलं ताट

बंदरावर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. तो क्रेन चालवायचा. सकाळी उभ्या लोखंडी शिडीने केबिनमध्ये चढला की संध्याकाळीच खाली उतरायचा. मधे पोटात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा घोटभरच, हा त्याचा नेम. लघवीसाठी शिडी उतरायची, परत चढायची, तोवर खाली सगळे खोळंबणार. शिवाय पोट भरलं की डोळे जड होतात, आणि माणसांच्या डोक्यावर कंटेनर लोंबकळत असताना डुलकी परवडत नाही.

दिवसभराची भूक मग त्याच्यासोबत संध्याकाळी घरी यायची. हातपाय धुऊन तो टेबलाशी बसायचा आणि भात, मासे, बटाटे, वर उकडलेली अंडी, अशा सगळ्यावर आडवा हात मारायचा. खालून इशारे देणारा मुकादम त्याला चिडवायचा, ‘‘तुझ्यापेक्षा अजगर बरा, तो निदान रोज गिळत नाही.’’

बायको समोर बसून राहायची. तिचं जेवण दुपारीच उरकलेलं असे. मुलगा दूर देशी स्थिरावला, त्याचे फोन विरळ झाले, तसं या दोघांमधलं बोलणंही आटत गेलं. भांडण असं काही नव्हतं. उरलं होतं ते ताट. ती दुपारपासून त्याच्या तयारीला लागायची, तो ते चाटूनपुसून संपवायचा. ‘वाढू?’ असं ती विचारायची आणि तो मान हलवायचा. पुष्कळदा घरात दिवसभरात तेवढाच शब्द होई.

कंपनीच्या तपासणीत त्याची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी बायकोलाही बोलावून घेतलं आणि दोघांना समजावलं, की सगळं अन्न संध्याकाळी एकदम पोटात लोटायचं नाही. दुपारी डबा खायचा, संध्याकाळी निम्म्यावर यायचं. पुढच्या तपासणीपर्यंत साखर उतरली नाही, तर क्रेनवर चढता येणार नाही.

बायको डबा देऊ लागली. दुपारी मुकादम तो दोरीला बांधून वर पाठवायचा, आणि एक जहाज सुटून दुसरं लागेपर्यंत वरचा तो खाऊन घ्यायचा. डुलकी काही आली नाही. पण संध्याकाळी टेबलावर बघतो, तर ताट पूर्वीइतकंच भरलेलं. ‘कमी वाढ’ म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. तो जेवायचा. भूक नसली तरी सवयीने घास आत जायचा.

पुढच्या तपासणीत साखर आणखी चढली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली. त्याला काहीच वाटलं नाही, वाईटसुद्धा. त्याने केबिनमधली आपली उशी आणि बाटली घेतली, शिडी उतरला, आणि हातमोजे व दोर वाटायच्या खोलीत, आता नेमून दिलेल्या कामावर, जाऊन खुर्चीवर बसला. ‘‘वरचा आता खालचा झाला,’’ मुकादम म्हणाला. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी ताट समोर आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. तिने हातातला डाव खाली ठेवला.

‘‘डबा तुम्ही खात नव्हतात ना?’’

‘‘खात होतो.’’

‘‘सगळा?’’

‘‘सगळा.’’

‘‘मला वाटलं, खाली कुणाला तरी देऊन टाकता. तुम्ही कसले नेम मोडताय! उपाशी माणसाला अर्धं कसं वाढायचं, म्हणून मी ताट कमी केलं नाही.’’ मग तिने विचारलं, ‘‘पोट भरलेलं होतं, तर नको का नाही म्हणालात?’’

‘‘लवकर संपलं असतं.’’

‘‘काय?’’

‘‘जेवण. मग तू उठली असतीस.’’

तिने डाव घेऊन ताटातला निम्मा भात परत पातेल्यात टाकला, एक अंडं काढलं, माशाची मोठी तुकडी काढली आणि झाकण ठेवलं. उरलेलं त्याने खाल्लं. बघता बघता संपलं. खिडकीत अजून उजेड होता.

ती उठली. रिकामं ताट उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि होतं तिथेच परत ठेवून खुर्चीवर बसली. बराच वेळ दोघं ताटाकडेच बघत होती.

‘‘नळ ठिबकतोय,’’ ती म्हणाली.

त्याने कान दिला. ‘‘वायसर गेला असेल.’’

‘‘कधीपासून ठिबकतोय तो.’’

‘‘हो का,’’ तो म्हणाला. ‘‘मला ऐकू आला नव्हता.’’