बाबांनी ओळखलेलं पाणी

मागच्या जुलैत बाबांना घेऊन बेल्जियमला जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त काळजी माझ्या धाकट्या भावाला होती. तो गेंटला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. फोनवर म्हणाला, "ताई, त्यांना एकटं बाहेर सोडू नकोस हं. इथे हिंदीसुद्धा चालत नाही."

बाबांनी शारजा-दुबईच्या साइटवर सव्वीस वर्षं शटरिंगचं सुतारकाम केलं. कॅम्पातल्या एका खोलीत दहा जण राहायचे. आम्ही भावंडं रत्नागिरीत मामाकडे शिकलो. बाबा दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी यायचे, ब्लँकेट आणि खजूर घेऊन. ओळख पटेपर्यंत जायची वेळ यायची. आई गेल्यावर मी त्यांना शारजात, अल मजाजला माझ्याकडे आणलं. माझी नोकरी इथल्याच एका लॅबमध्ये. बाबा घरात असायचे, पण कमी बोलायचे. आपल्या बाबांना नक्की काय येतं, असं मला कुणी विचारलं असतं तर मी "सुतारकाम" एवढंच म्हटलं असतं.

नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी, बाबा आणि माझी नऊ वर्षांची लेक असे तिघंच निघालो.

गेंटमध्ये भावाने सगळं हौसेनं दाखवलं. कालवे, किल्ला, चॉकलेटची दुकानं. बाबा हात पाठीमागे बांधून आमच्या मागून चालायचे आणि प्रत्येक गोष्टीला "बरं आहे" म्हणायचे. फक्त एका जुन्या चर्चमध्ये ते मान वर करून बराच वेळ छताची लाकडं बघत राहिले. "सांध्यात खिळा दिसत नाही कुठं," एवढंच म्हणाले. पाचव्या दिवशी आम्ही तिघं फ्रान्सला निघालो, माझ्या मैत्रिणीकडे.

ही मैत्रीण शारजात सात वर्षं माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायची. फ्रेंच शिकवायची. आमच्या मुली एकत्र वाढल्या. आता ती नवऱ्यासोबत उत्तर फ्रान्समध्ये, सॉम नदी समुद्राला मिळते तिथल्या एका लहानशा गावात राहते. घरात तिचे सासरेही आहेत. ते मूळचे अल्जीरियाचे, पोरवयात फ्रान्सला आले आणि वीटभट्टीवर आयुष्य काढलं. पंच्याहत्तरीचे, काटक. आम्ही पोचलो तेव्हा ते दारात रबरी बूट धूत बसले होते.

त्यांनी बाबांकडे बघून हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "अस्सलामु अलैकुम."

"वालेकुम सलाम," बाबा म्हणाले. आणि मग मला कळायच्या आत पुढचं वाक्यही बोलून गेले. अरबीत! साइटवरची मोडकीतोडकी अरबी, व्याकरण नसलेली, पण धडाधड. सासरे हसले आणि त्यांच्याकडची अरबी बोलू लागले. दोघांच्या अरबीत जमीन-अस्मानाचं अंतर असावं, कारण प्रत्येक दुसऱ्या शब्दाला हात हलवावे लागत होते. बाबांचं 'शुवय शुवय', म्हणजे हळूहळू, त्यांच्याकडे 'शुविया' होतं. पण बहर म्हणजे समुद्र दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्यांना बोलायचंही तेवढ्याबद्दलच होतं.

मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "हे माझ्याशी सबंध आठवड्यात एवढं बोलत नाहीत."

"हेही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही सगळे किनाऱ्याच्या बांधावर गेलो. समोर समुद्र नव्हताच. राखाडी, ओलसर, चकाकणारी वाळू, ती थेट आभाळाला टेकलेली. माझी लेक म्हणाली, "आजोबा, व्हेअर डिड इट गो?"

"सुकती आहे गो," बाबा म्हणाले. "ओहोटी. पाणी गेलंय, येईल परत."

सासऱ्यांनी त्यांना बुटांचा जोड, एक बादली आणि लहान दाताळं दिलं. आम्ही पाऊण तास वाळूतून चालत गेलो. गाव मागे रेघेएवढं उरलं. पक्ष्यांच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. मी आयुष्यात इतकं मोठं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. वाळवंट पाहिलंय, पण वाळवंटाला उंचवटे असतात. इथे नजर कुठेच अडत नव्हती. थोडी भीतीच वाटली मला.

बाबा मात्र खाली बघत होते. एका जागी थांबले, टाचेनं वाळू दाबली, दोन बारीक भोकं दिसली तशी बोटं आत घातली आणि एक खुबा, गोल फुगीर शिंपला, वर काढला. मग दुसरा. मग दाताळं बाजूला ठेवून गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी काढू लागले. शेजारी सासरे दाताळ्यानं ओढत होते. बाबांची बादली आधी अर्धी झाली. सासऱ्यांनी आत डोकावून पाहिलं, मोठ्यांदा काहीतरी म्हणाले आणि स्वतःचं दाताळंही बाजूला ठेवलं.

दहाच्या सुमाराला बाबा एकदम उठले. जवळच एक उथळ ओहोळ होता, त्याच्याकडे बघत राहिले. मला काही वेगळं दिसेना.

"पाणी फिरलं," ते म्हणाले.

त्याच क्षणाला सासरे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "खलास. यल्ला!" म्हणजे झालं, चला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासऱ्यांनी घड्याळावर बोट ठेवलं, बाबांनी ओहोळावर. फेसाचा एक ठिपका, जो इतका वेळ समुद्राकडे जात होता, तो आता गावाच्या दिशेनं सरकत होता. एवढीच खूण. मी तिथेच उभी असून मला ती दिसली नव्हती.

आम्ही भराभर परतलो. बांधावर चढून मागे वळलो तर ओहोळ रुंद झाले होते. मग ते एकमेकांना मिळाले. मग वाळूचे तुकडे उरले, आणि तेही गेले. लाट नव्हती, आवाज नव्हता. जिथे आम्ही गुडघे टेकले होते तिथे तासाभरात पाणी होतं, आणि दुपारी बांधाच्या पायथ्याशी होड्या डुलत होत्या. माझी लेक, जी टॅबलेटवरून मान वर करत नाही, ती दोन तास बांधावर बसून होती. तिने एकदाच माझा हात धरला आणि सोडला नाही.

संध्याकाळी बाबांनी खुब्यांचं सुकं केलं. मसाला मी आणलाच होता, नारळ तिथल्या दुकानात मिळाला. सासऱ्यांनी पावाबरोबर तीनदा घेतलं. जेवताना त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळांची छापील पुस्तिका काढली. बाबांना फ्रेंच सोडा, इंग्रजीही वाचता येत नाही. त्यांनी पुस्तिका बाजूला सारली आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, पुनव होऊन दोन दिवस झाले. उधाणाचं पाणी आहे. उद्या आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा फिरेल. अष्टमीला भांग लागेल, तेव्हा पाणी एवढं लांब जाणार नाही."

मी मैत्रिणीला सांगितलं, तिने सासऱ्यांना. त्यांनी चष्मा लावला, बोट ओळीवरून फिरवलं, पान उलटलं, पुन्हा मागे आले. मग पुस्तिका मिटून बाबांच्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. समोर बसलेला माणूस माझा बाप होता आणि मी त्याला पहिल्यांदाच भेटत होते.

"बाबा, हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात? आई न्यायची खाडीवर. मी सात-आठ वर्षांचा. एकदा मागं राहिलो, पाणी कमरेपर्यंत आलं. तिने ओढून काढलं आणि असा चोप दिला! म्हणाली, पायाखाली बघायचं आणि पाण्याकडंही बघायचं."

"मग आम्हाला कधी नाही नेलंत?"

"मी यायचो ते मे महिन्यात. तुमची सुट्टी. वाटायचं, चिखलात कुठं नेऊ पोरांना. शिकताय, शिका."

आम्ही दोन दिवसांसाठी गेलो होतो, सहा दिवस राहिलो. भावाने दोनदा फोन करून विचारलं की सगळं ठीक आहे ना. ओहोटी रोज थोडी उशिरा लागायची, तसे दोघं म्हातारे रोज थोडे उशिरा निघायचे, आणि माझी लेक मैत्रिणीच्या मुलीचे बूट घालून त्यांच्यामागून. शेवटच्या सकाळी मी गेले नाही. बांधावर उभी राहून बघत होते. तीन ठिपके चालत चालत लहान झाले. मधेच सगळ्यात लहान ठिपका वाकला, आणि बाकीचे दोघं त्याच्यासाठी थांबले.