फाटकापलीकडचं घर

मी अमेरिकेच्या फौजेत होतो, आणि २००६च्या जानेवारीत माझं पोस्टिंग तिथल्याच उत्तर मिनेसोटात होतं. इराकची टूर संपवून आलो होतो. मित्र म्हणायचे, "लकी आहेस यार, आता ऑफिसात बसायचं." ऑफिस होतं खरं. पण काम होतं शहीद झालेल्या सैनिकाच्या घरी जाऊन बातमी सांगण्याचं. इराकमध्ये मी जेवढा भ्यालो नाही, तेवढा त्या हिवाळ्यात लोकांच्या बंद दारांना भ्यालो.

नियम साधे होते. आधी फोन करायचा नाही. पूर्ण युनिफॉर्म घालायचा. घरच्यांच्या आधी कुणाजवळ अक्षर काढायचं नाही. सोबत चॅपलेन, म्हणजे फौजेतले पाद्री. बातमीचं वाक्य ठरलेलं असे आणि ते तोंडपाठ असावं लागे. पोरं परीक्षेआधी पाढे म्हणतात तसं मी ते गाडीत पुटपुटत असे.

त्या सकाळी आम्ही कॅनडाच्या सीमेजवळच्या एका गावी निघालो. लाकूड कापायची गिरणी, रेल्वे यार्ड, एक कॅफे आणि चहूकडे पाइनचं जंगल, एवढंच गाव. मुलाचं नाव डॅनी, हुद्दा प्रायव्हेट फर्स्ट क्लास, म्हणजे साधा शिपाई. वडिलांचं नाव रे, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर; आई कॅरल, घरीच असे.

गावात शिरताच कॅफेतली माणसं काचेशी येऊन उभी राहिली. काळी गाडी, आत दोन युनिफॉर्म. अशा गावात शेंबड्या पोरालाही कळतं. इथली तीन मुलं इराकमध्ये होती. आमची गाडी कुठे वळते, एवढंच त्यांना बघायचं होतं. आई आठवली. मी इराकमध्ये असताना कॅरी गावातल्या आमच्या घरी बेल वाजली की ती आधी पडदा सरकवून बाहेर कुठली गाडी आहे ते बघायची, मगच दार उघडायची.

डॅनीचं घर रुळांच्या पलीकडे, थोडं पुढे होतं. आम्ही फाटकाशी पोचलो आणि ओंडक्यांनी लादलेली मालगाडी संथपणे आली. इंजिन समोरून जाताना ड्रायव्हरने खाली पाहिलं. नजरानजर झाली. लगेच ब्रेक किंचाळले आणि गाडी कण्हत थांबली. आमचा रस्ता बंद.

"काय झालं?" चॅपलेननी विचारलं.

"ठाऊक नाही, सर."

पण मला कळलं होतं. ड्रायव्हर बर्फातून, डब्यांच्या कडेने आमच्याकडे चालत येत होता. त्याच्या कमरेचा रेडिओ ओरडत होता, "रे, कम इन. क्रॉसिंग ब्लॉक झालंय. रे, कम इन." तो उत्तर देत नव्हता. मी उतरलो, डोक्यावरची बेरे टोपी नीट केली आणि सावधानमध्ये उभा राहिलो.

"मी गाडी हलवणार नाही," तो म्हणाला. "रस्ता चुकलात तुम्ही. मागे फिरा."

"सर, तुम्ही डॅनीचे वडील का?"

"मागे फिरा म्हटलं ना!"

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मध्ये न थांबता, शेवटपर्यंत. त्याने डब्याला हात टेकला.

"कॅरलला माहीत आहे?"

"नाही, सर."

"मग थांबा थोडं. गाडी उभी आहे तेवढा वेळ तरी तिला हे कळायला नको."

आम्ही तिघे थांबलो. रेडिओ ओरडतच होता. शेवटी त्याने बटण दाबलं. "रे हिअर. निघतोय."

"तुम्ही आत्ता चालवू नका," चॅपलेन म्हणाले.

"यार्ड समोरच आहे. गाडी हलली नाही तर तुम्ही तिच्यापर्यंत पोचणार कसे? घराजवळ मी रोज दोनदा हॉर्न देतो. ती बाहेर येते, शेवटचा डबा जाईपर्यंत हात हलवते. आज हॉर्न वाजला नाही तर तिला कळेल."

तो इंजिनाकडे गेला. ओंडके सरकू लागले. थोड्या वेळाने दोन छोटे हॉर्न ऐकू आले. शेवटचा डबा गेला आणि पलीकडचं घर दिसलं. ओट्यावर अॅप्रन घातलेली एक बाई गाडीला हात करत होती. मग तिला आम्ही दिसलो. हात तसाच वर राहिला.

डॅनी एकोणीस वर्षांचा होता. सुट्टीत गिरणीत काम करायचा, घरी आला की त्याच्या केसांतून लाकडाचा भुसा पडायचा, असं कॅरलने नंतर मला सांगितलं. मी त्याला कधी पाहिलं नाही. पण कुठे फाटकाशी मालगाडी आडवी आली की मी मनात त्याचं नाव घेतो. मागच्या सीटवर माझी मुलं कुरकुरतात. मला मात्र वाटतं, ही गाडी आणखी लांब असावी.